नामिबिया, स्वतः गाडी चालवत: लस, लायसन, खडीचे रस्ते आणि सफारीचे पैसे जातात कुठे

जुलै २०२५ मध्ये मी आणि नवरा नामिबियाला जाऊन आलो. तेव्हापासून फोनवर तेच तेच प्रश्न येतायत, व्हिसा कसा काढला, गाडी स्वतः चालवली का, भीती नाही वाटली का, किती खर्च आला, म्हणून एकदाच सगळं सुरुवातीपासून लिहून टाकते. आम्ही दोघंही पन्नाशी ओलांडलेले, डोंबिवलीकर, याआधी जंगल म्हणजे ताडोबा आणि एकदा काबिनी, तेही जिप्सीत मागे बसून. त्यामुळे हे वाचणारे आमच्यापेक्षा जास्त फिरलेले असतील तर मधलं सोडून खर्चाकडे जा.

आफ्रिका म्हटलं की सगळे केनिया-टांझानिया सुचवतात. आमचं नामिबियावर अडकलं ते कुनोच्या चित्त्यांमुळे. सप्टेंबर २०२२ मध्ये आठ चित्ते विंडहुकहून विमानानं ग्वाल्हेरला आले तेव्हापासून नवऱ्याच्या डोक्यात तो देश होता. मग ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही जरा सिरियसली बघायला लागलो आणि नेमकी बातमी आली की नामिबिया सरकार दुष्काळामुळे ७२३ वन्यप्राणी मारून त्यांचं मांस लोकांना वाटणार, त्यात ८३ हत्ती. घरात दोन दिवस यावरच चर्चा. मुलगी म्हणाली असल्या देशात जाऊन पैसे कशाला द्यायचे. मला मात्र उलट उत्सुकता वाटली, कारण त्याच देशाचं नाव वन्यजीव वाचवण्यासाठी जगभर घेतलं जातं, मग हे दोन्ही एकत्र कसं?

आणखी एक कारण. माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं. तिथे बिबट्या ही टीव्हीवर बघायची गोष्ट नाही, ऊसतोड सुरू झाली की संध्याकाळी पोरांना अंगणात सोडत नाहीत. भावाच्या शेळ्या गेल्यात, कुत्रा गेलाय, पंचनामा, अर्ज, वाट बघणं सगळं झालंय. मी ताडोबाचे फोटो दाखवले की तो म्हणतो, तुम्ही गाडीत बसून बघता, आम्ही गोठ्यात बघतो. त्यामुळे मी एकच ठरवलं होतं, जिथे जिथे बुकिंग करू तिथे विचारायचं की या पैशातले त्या प्राण्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला किती मिळतात. टूर कंपन्यांना हा प्रश्न विचारून बघा, गंमत येते. दोघांनी 'आम्ही निसर्गाची काळजी घेतो' असं गुळमुळीत उत्तर पाठवलं, एकानं उत्तरच दिलं नाही. शेवटी पॅकेज न घेता सगळं स्वतः करायचं ठरलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिलं बुकिंग केलं ते एतोशा नॅशनल पार्कच्या आतल्या कॅम्पसाईटचं. कोरडा सीझन मे ते ऑक्टोबर, पाणी फक्त पाणवठ्यांवर उरतं म्हणून प्राणी तिथे येतात, आणि त्यामुळेच जून ते ऑगस्टला आतल्या जागा फार लवकर भरतात. आठ-नऊ महिने आधी बघूनही ओकाउकुएयो कॅम्पला आम्हाला सलग रात्री मिळाल्या नाहीत, मधली एक रात्र हलालीला काढायला लागली. पार्कच्या बाहेर राहता येतं, पण गेट सूर्योदयाला उघडतं आणि सूर्यास्ताला बंद होतं, रात्रीचा पाणवठा बघायचा तर आतच राहायला हवं. म्हणून आधी आतला कॅम्प, मग त्या तारखांभोवती बाकीचं.

दुसरं बुकिंग ग्रूटबर्ग लॉजचं, वायव्येला डमारालँडमध्ये. हे मुद्दाम शोधलं. संपूर्ण मालकी स्थानिक लोकांच्या कॉन्झर्व्हन्सीची (गावकऱ्यांनी मिळून नोंदवलेली, वन्यप्राण्यांचं बघणारी संस्था) असलेलं हे देशातलं पहिलं लॉज, २००५ मध्ये युरोपियन युनियनच्या मदतीनं उभं राहिलं. माझ्या ठरलेल्या प्रश्नाला तिथून नीट लांबलचक मेल आला. महाग आहे, खोटं कशाला सांगू, आमच्या कॅम्पसाईटच्या कितीतरी पट. पण बाकी सगळीकडे तंबूत झोपून इथे दोन रात्री खर्च करायच्या असं ठरवलं.

विमानाची तिकिटं जानेवारीत काढली, मुंबई-आदिस अबाबा-विंडहुक, माणशी साधारण ८२ हजार. आदिस अबाबामार्गे जायचं म्हणजे यलो फीवरचा (पीतज्वराचा) मुद्दा येतो, कारण इथिओपिया त्या रोगाच्या देशांच्या यादीत आहे. नियम वाचले तर विमानतळाबाहेर न पडता थोडा वेळ ट्रान्झिट असेल तर सूट मिळू शकते, पण भारतात परत येताना ती सूट द्यायची की नाही हे आपल्या विमानतळावरच्या हेल्थ ऑफिसरच्या हातात, आणि नाही दिली तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईन. एवढी रिस्क कोण घेणार. लस घेऊन टाका. ठरावीक सरकारमान्य सेंटरलाच मिळते, आम्ही मुंबईत घेतली. तिथे आठवड्यातल्या ठरलेल्या वारी देतात आणि स्लॉट आधी घ्यावा लागतो, आम्हाला तीन आठवड्यांनंतरचा मिळाला. पासपोर्ट ओरिजिनल न्या, अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. लस घेतल्यावर दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. ते सर्टिफिकेटचं पिवळं पुस्तक पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा. साठीच्या वरच्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ही लस घेऊ नका. मलेरियाचंही डॉक्टरांनाच विचारा, तुम्ही कोणत्या भागात आणि कोणत्या महिन्यात जाताय यावर ते ठरतं.

व्हिसा सोपा निघाला. ऑनलाईन अर्ज, पासपोर्ट परतीनंतर सहा महिने व्हॅलिड आणि कोरी पानं शिल्लक, जाण्यायेण्याचं तिकीट, राहण्याची बुकिंग्ज, फोटो. आम्ही गेलो तेव्हा फी १६०० नामिबियन डॉलर होती. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांचा भाव एकास एक बांधलेला आहे, तेव्हा एकाला पावणेपाच रुपयांच्या आसपास पडत होता, म्हणजे साडेसात हजारांच्या वर गेले माणशी. पेमेंटला मात्र रडवलं. बँकेनं परदेशी व्यवहार म्हणून कार्ड ब्लॉक केलं, कस्टमर केअरवर चाळीस मिनिटं गाणी ऐकली. कार्डचं इंटरनॅशनल सेटिंग अ‍ॅपमधून आधीच चालू करून ठेवा. मे महिन्यात अर्ज केला, दहाएक दिवसांनी मेल आला. प्रिंट काढून ठेवली.

व्हिसाची घाई अशासाठी की इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटच्या अर्जाला आम्ही व्हिसा आणि तिकिटाची कॉपी जोडली, त्यामुळे क्रम असा ठेवला, आधी व्हिसा मग आरटीओ. परिवहनच्या साईटवर फॉर्म ४ए भरायचा, आम्ही मेडिकल फॉर्म १एवर डॉक्टरकडून सही-शिक्काही घेतला, फी १००० रुपये, मग मूळ कागद घेऊन आरटीओत. बाहेर एजंट लोक पाठी लागतात, 'मॅडम तुमचं होणार नाही असं', पण झालं, एक फेरी जास्त पडली कारण फोटोचं बॅकग्राउंड. परमिट एक वर्षाचं असतं. आम्ही दोघांनीही काढलं आणि ते फार बरं झालं, कारण तिथली अंतरं बघता एकट्या माणसाला गाडी चालवणं झेपत नाही.

आता गाडी. टोयोटा हायलक्स डबल कॅब, फोर बाय फोर, टपावर उलगडणारा तंबू, मागे फ्रिज, गॅस, भांडी, खुर्च्या, सगळं त्यातच. इन्शुरन्स बेसिक घेतला तर बहुतेक वेळा टायर आणि काच त्यात येत नाही, आणि खडीच्या रस्त्यावर नेमकं तेच जातं, त्यामुळे वरचा इन्शुरन्स घ्याच. डिपॉझिट क्रेडिट कार्डावर होल्ड करतात, कार्ड मेन ड्रायव्हरच्या नावाचंच लागतं.

विंडहुकचं होसेआ कुटाको विमानतळ आपल्या मानानं अगदी छोटं, शहरापासून पंचेचाळीस किलोमीटर लांब. इमिग्रेशनला रांग होती, यलो फीवरचं पुस्तक बघितलं, राहणार कुठे विचारलं, शिक्का. जुलै म्हणजे तिकडे हिवाळा. दुपारी टी-शर्ट आणि पहाटे तंबूत दात वाजतात. थर्मल, कानटोपी, जाड मोजे न्या.

गाडी ताब्यात देताना तिथल्या माणसानं तास-दीड तास समजावलं. स्टिअरिंग उजवीकडे, रस्ता डावीकडचा, म्हणजे आपल्यासारखंच, तो प्रश्न नाही. प्रश्न खडीचा. तिथे डांबरी रस्ते मोजके, बाकी सगळी दाबलेली खडी-माती, दिसायला मस्त सपाट, आणि माणूस फसतो तो तिथेच. ऐंशीच्या वर गेलात की ब्रेक मारला तरी गाडी बॉल-बेअरिंगवर ठेवल्यासारखी घसरते. पर्यटकांना तिथे धोका सिंहाचा कमी आणि गाडी उलटण्याचा जास्त. आमच्या गाडीत वेगावर नजर ठेवणारा ट्रॅकर होता, ऐंशी झालं की केकाटायचा, नवऱ्याला त्याचा राग यायचा, मला तो फार आवडायचा. खडीवर टायरची हवा कमी करायची, डांबरावर परत भरायची. दोन स्टेपन्या होत्या. अंधारात गाडी चालवायची नाही, इन्शुरन्सच चालत नाही, शिवाय कुडू नावाचं घोड्याएवढं हरीण अचानक समोर येतं. पेट्रोल पंप दिसला की टाकी भरायची, अर्धी असली तरी.

विंडहुकहून उत्तरेला ओचिवारोंगो अडीचशे किलोमीटर, डांबरी. तिथून पुढे आत चित्ता कॉन्झर्व्हेशन फंडाचं केंद्र आहे, लॉरी मार्कर या अमेरिकन बाईंनी १९९० मध्ये सुरू केलेलं. कुनोला आलेले आठ चित्ते इथूनच निघाले होते. भारतातून आलो म्हटल्यावर तिथल्या मुलीनं पहिला प्रश्न तोच केला, 'आमची मंडळी कशी आहेत?' काही गेले, काहींना पिल्लं झाली, एवढं आम्हीही पेपरात वाचलेलंच सांगू शकलो.

मला चित्त्यांपेक्षा तिथली कुत्री जास्त आवडली. म्हणजे आवडली हा शब्द कमी पडेल. नामिबियातले बरेचसे चित्ते पार्कात नाहीत, शेतकऱ्यांच्या जमिनीवर राहतात, आणि ऐंशीच्या दशकात शेतकऱ्यांनी ते हजारोंनी मारले किंवा पकडले, जनावरं खातात म्हणून. १९९४ पासून हे केंद्र शेतकऱ्यांना अनातोलियन जातीची राखणीची कुत्री देतं. पिल्लू अगदी लहान असताना शेळ्यांच्या कळपात सोडतात, ते शेळ्यांनाच आपलं कुटुंब समजतं, चित्ता आला की फक्त उभं राहून भुंकतं, आणि चित्ता मुळात भित्रा, तो वळतो. केंद्राच्या म्हणण्याप्रमाणे असं कुत्रं घेतलेल्या शेतकऱ्यांचं नुकसान ऐंशी टक्क्यांहून जास्त कमी झालं. मी तिथूनच भावाला व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर, 'बिबट्या आमच्या कुत्र्यासाठीच येतो.' बरोबर आहे त्याचं. चित्त्याला चालणारा उपाय बिबट्याला चालत नाही. पण मुद्दा मला पटला, की आधी शेतकऱ्याचं नुकसान थांबवा, चित्त्याचं नंतर बघू. तिकिटाचे पैसे, कॅफेतलं चीज, काटेरी झुडपं कापून बनवलेल्या जळणाच्या विटा, हे सगळं विकून ते चालतं. ती झुडपं वाढल्यामुळे चित्त्याला पळायला मोकळं रान उरत नाही, म्हणून कापायची, आणि कापलीच आहेत तर विकायची.

आउचो गावात किराणा भरला, तिथल्या बेकरीत खाऊन घेतलं आणि अँडरसन गेटमधून एतोशात. गेटवर फॉर्म भरून घेतात, गाडीचा नंबर, माणसं, कुठे राहणार. एन्ट्री दर दिवसाची, गाडीची वेगळी, आणि पार्क फी बरोबर कॉन्झर्व्हेशन फी म्हणून वेगळा आकडा असतो. दर बदलतात, जायच्या आधी बघून घ्या.

एतोशाबद्दल किती लिहू? बावीस हजार चौरस किलोमीटरहून मोठं, मध्ये मिठाचं पांढरं सपाट मैदान, क्षितिजापर्यंत काही नाही. तुमची तुम्ही गाडी चालवायची, वेगमर्यादा साठ, गाडीतून उतरायचं नाही, पाणवठ्यावर इंजिन बंद करून बसायचं. ताडोबात 'वाघ दिसला का' करत गाड्या पळतात ना, तसली पळापळ नाही. आम्ही एका पाणवठ्यावर पूर्ण सकाळ काढली. आधी झेब्रे, मग ऑरिक्स ही लांब शिंगांची हरणं, मग त्या धुळीनं पांढरे फटक झालेले हत्ती, हत्ती आले की बाकी सगळे मुकाट बाजूला. नवऱ्यानं स्टिअरिंगवर डबा ठेवून थेपले खाल्ले. आणि रात्री ओकाउकुएयोच्या पाणवठ्यावर, तिथे दिवे लावलेले असतात आणि दगडी कुंपणाच्या अलीकडे बाकं, ब्लँकेट गुंडाळून बसलो तर काळे गेंडे आले. एक मादी आणि पिल्लू, मग अजून एक, त्यांचं आपसात फुरफुरणं, आणि पलीकडे शंभरेक माणसं आणि कोणी चकार शब्द बोलत नाही. साडेबाराला थंडीनं उठलो, नाहीतर उठलो नसतो.

जेवणाचं म्हणाल तर आम्ही शाकाहारी, त्यामुळे नामिबियन लोकांना आमची दया यायची. सुपरमार्केटमध्ये भाज्या, ब्रेड, दही, सगळं मिळतं. मुगाची डाळ, तांदूळ, गोडा मसाला घरून नेला होता, रोज खिचडी नाहीतर मसालेभात.

पश्चिमेला गॅल्टन गेटनं बाहेर पडलो. पार्कातून बाहेर पडताना गेटवर फ्रिज उघडून बघतात, कच्चं मांस दक्षिणेकडे नेऊ देत नाहीत. कारण लाळ्या खुरकूत, गुरांचा रोग. एतोशाच्या बाजूनं देशभर आडवं एक कुंपण गेलंय, उत्तरेकडची गुरं आणि मांस दक्षिणेला येऊ नये म्हणून, म्हणजे दक्षिणेकडच्या शेतकऱ्यांना युरोपला बीफ विकता येतं आणि उत्तरेकडच्यांना ते मार्केट बंद. हे ऐकल्यावर पुढचं जास्त नीट समजलं, उत्तरेकडच्या गरीब पशुपालकाला गुरांचा पैसा आधीच कमी मिळतो आणि वर सिंह-हत्तींचा त्रास.

कमानजाब गावाच्या पुढे पंक्चर झालं, व्हायचंच होतं. जॅक लावत होतो तेवढ्यात गाढवगाडीतून दोन मुलं आली, दहा मिनिटांत चाक बदलून दिलं, पैसे नको म्हणाली, मग बिस्किटं आणि चिक्की दिली. पुढच्या गावात पंक्चर काढून घेतलं.

ग्रूटबर्ग लॉज पठाराच्या अगदी कडेला आहे, खाली क्लिप नदीची दरी. चढ इतका उभा की खाली गाडी लावा आणि त्यांच्या गाडीनं वर या असं ते स्वतःच सांगतात. आम्ही मुकाट्यानं त्यांच्या गाडीत बसलो.

इथे मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, पण सरळ नाही मिळालं. आमचा गाईड याच भागातला, त्याचे वडील पूर्वी गेम गार्ड, म्हणजे गावातर्फे वन्यप्राण्यांची राखण करणारे, होते. त्यानं सांगितलं आणि मी आधी वाचलेलं त्यात जुळवून लिहिते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मोठा दुष्काळ, गुरं मेलेली, बंदुकवाले शिकारी, गेंडे-हत्ती संपत आलेले. तेव्हा गार्थ ओवेन-स्मिथ नावाच्या माणसानं गावप्रमुखांना विचारलं की तुमचीच माणसं राखणीला द्या, आणि प्रमुखांनी दिली, त्यातले काही तर स्वतः शिकारी होते, जंगल त्यांच्याइतकं कोणाला माहीत? पगार म्हणून धान्य मिळायचं. पण तेव्हा कायदा असा होता की गोऱ्या शेतमालकांना १९७५ पासून आपल्या जमिनीवरच्या वन्यप्राण्यांवर हक्क, आणि काळ्या लोकांच्या सामायिक जमिनीवरचे प्राणी मात्र सरकारचे. देश १९९० मध्ये स्वतंत्र झाला, १९९६ मध्ये कायदा बदलला, सामायिक जमिनीवरच्या लोकांनी हद्द ठरवली, सभासद नोंदवले, घटना लिहिली, कमिटी निवडली की त्यांनाही तो हक्क. १९९८ मध्ये पहिल्या चार कॉन्झर्व्हन्सी नोंदल्या गेल्या आणि त्यातली एक खोआदी-होआस, म्हणजे या लॉजची मालकीण. आज अशा ८६ आहेत, देशाच्या साधारण वीस टक्के जमिनीवर.

गाईडनं एक वही दाखवली, गेम गार्डची. कुठे कोणता प्राणी दिसला, कोणाची शेळी गेली, कुठे सापळा सापडला, पाऊस किती, सगळं गार्ड स्वतः भरतो, वर्षाअखेर त्यावरूनच गावात तक्ते करतात. बाहेरून तज्ज्ञ येऊन आकडे घेऊन जात नाही. मला हे फार भारी वाटलं.

मग मी विचारलं, तुझ्या घरी काय येतं? तो हसला. म्हणाला मला पगार येतो, कारण मी लॉजवर आहे. माझ्या काकाला काही येत नाही, आणि सिंहानं गाढवं खाल्ली ती मात्र त्याची. कॉन्झर्व्हन्सीचे पैसे आधी गार्डांच्या पगाराला, गाडीच्या डिझेलला, ऑफिसला जातात, उरलेलं शाळेला किंवा वर्षाच्या सभेत ठरेल त्याला. हत्ती पाण्याच्या टाक्या आणि पाईप फोडतात त्याच्या दुरुस्तीला जातात. जनावर गेलं तर काही रक्कम मिळते, पण सरकार त्याला भरपाई म्हणत नाही, नुकसानाला हातभार म्हणतं, आणि बाजारभावाच्या मानानं ती कमीच असते. म्हणजे तक्रारी जुन्नरसारख्याच. फरक मला एवढा दिसला की काका वर्षाच्या सभेत उभा राहून कमिटीला शिव्या घालू शकतो आणि कमिटी त्याच्या गावातली असते.

शिकारीचंही विचारलं. इथल्या बऱ्याच कॉन्झर्व्हन्सी परदेशी शिकाऱ्यांना कोट्यातले प्राणी मारायची परवानगी विकतात, मांस गावात वाटतात. जिथे लॉज चालण्यासारखी जागा नाही तिथे तर मोठं उत्पन्न तेच. मला हे पचत नाही, अजूनही नाही. पण त्या ७२३ प्राण्यांच्या बातमीवर तो जे बोलला ते ऐकून मी गप्प बसले. म्हणाला, त्या वर्षी गवत नव्हतं, माणसांना खायला नव्हतं, तुमच्याकडे असं झालं असतं तर तुम्ही काय केलं असतं? आणि कोविडमध्ये पर्यटक बंद झाले तेव्हा लॉजचं उत्पन्न एका झटक्यात थांबलं, बाहेरून मदत आली म्हणून गार्डांचे पगार निघाले. सगळा डोलारा आमच्यासारख्यांच्या सुट्टीवर उभा आहे हे त्याला आमच्यापेक्षा नीट माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी गेंड्याचा माग. पहाटे निघालो, दरीत गाडीनं दोन तास हादरत, मग माग काढणारा माणूस, म्हणजे ट्रॅकर, उतरून पुढे, लाल दगडांवर पाऊलखुणा त्याला कशा दिसत होत्या देव जाणे. नामिबियात पार्कच्या बाहेर मोकळे फिरणारे काळे गेंडे जगात सगळ्यात जास्त आहेत, पण दिसतीलच याची गॅरंटी नाही आणि पैसे परत मिळत नाहीत. अकराच्या सुमारास हात वर झाला. वाऱ्याची दिशा बघून, एका रांगेत, बोलायचं नाही, शंभर-दीडशे मीटरवर थांबायचं. तो झुडपाखाली उभा होता, कानाला ओळखीची खाच, शिंगं कापलेली, शिकाऱ्यांना त्याचा उपयोग राहू नये म्हणून. बघायला विचित्र वाटतं. ट्रॅकरनं वहीत नोंद केली, आम्ही पाच-सात मिनिटं बघितलं आणि मागे फिरलो. मोबाईलचं लोकेशन बंद करून फोटो काढा आणि जागेचं नाव कुठे टाकू नका, तिथे ते स्पष्ट सांगतात. गुडघ्याचा त्रास असेल तर ही चाल जड जाईल, त्याऐवजी हत्तींचा माग घ्या, ते बहुतेक गाडीतूनच असतं.

पुढचं भराभर सांगते. ट्वायफलफाँटेनची कातळशिल्पं बघितली, २००७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेली, स्थानिक गाईड घ्यावाच लागतो आणि घ्यावाच, दुपारी जाऊ नका, उन्हानं खोदकाम नीट दिसत नाही. मग समुद्रकाठी स्वाकोपमुंड, धुकं, आंघोळ, कपडे धुणे, आणि डांबरी रस्त्यानं विंडहुक. गाडी परत देताना काचेवर एक खडा लागलेला निघाला, वरचा इन्शुरन्स होता म्हणून पाच मिनिटांत सुटलो. गाडी घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवला होता, तोही कामी आला.

मुंबईत उतरल्यावर हेल्थ काउंटरवर पिवळं पुस्तक मागितलं. आमच्या पुढच्या एका मुलाकडे नव्हतं, त्याला बाजूला बसवलेलं बघितलं, पुढे काय झालं कळलं नाही.

खर्च सगळा मिळून माणशी पावणेतीन लाखांच्या आसपास. विमान ८२ हजार, गाडी दिवसाला दहा हजार रुपयांच्या घरात आणि ती दोघांत, चौघं असाल तर बरंच स्वस्त पडेल. ग्रूटबर्गच्या दोन रात्री आणि माग काढणं यातच दोघांचे लाखाच्या आसपास गेले, बाकी कॅम्पसाईट, डिझेल, किराणा. नामिबियन डॉलर इथे मिळत नाहीत, रँड न्या, तिकडे चालतात, पण उरलेले नामिबियन डॉलर तिथेच संपवा, दक्षिण आफ्रिकेतसुद्धा कोणी घेत नाही. डिपॉझिटचा होल्ड सुटायला तीन आठवडे लागले, त्यामुळे त्या कार्डाची लिमिट मोठी ठेवा.

आम्ही आल्यावर सप्टेंबरमध्ये एतोशात मोठी आग लागली, पार्कचा साधारण एक तृतीयांश भाग जळला. मी गाईडला मेसेज केला, तो म्हणाला आग आमच्याकडे नाही आली, पण बुकिंग्ज कॅन्सल होतायत. तर पुढच्या वर्षीच्या जून-जुलैचा विचार असेल तर आत्ताच कॅम्पला आणि लॉजला मेल टाका. उत्तर यायला तीन-चार दिवस लागतात.